लखनौच्या चौकात, मुलाच्या चालीने

लखनौचा चौक म्हणजे चार रस्त्यांचा नाका नव्हे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत जाणारा एक जुना बाजाररस्ता आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या गल्ल्या, असा तो सगळा पसारा आहे. सरळ चालले तर पंधरा-वीस मिनिटांत एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजाशी पोहोचता येते. पण सरळ चालू देईल तो चौक कसला! चिकनच्या कुडत्यांची दुकाने, अत्तराच्या कुप्या मांडून बसलेले अत्तरवाले, फुलवाली गल्ली, निहारीच्या हंड्या, ई-रिक्षांचे कर्णे, हातगाड्यांची घासाघीस. हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर याच चौकात राहत. नवाबी काळापासून हा भाग असाच गजबजलेला आहे आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांना या गजबजाटाचेच फार कौतुक असते.

पण ज्या घरात आवाज, वास आणि गर्दी सहन न होणारे मूल आहे, त्या घराने हे कौतुक वाचायचे आणि पान उलटायचे, एवढेच.

माझ्या धाकट्या बहिणीचे घर असेच एक. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत त्याला ऑटिझम आहे. तो मोजके शब्द बोलतो. चाके, जाळ्या, फरशीवरची नक्षी यांत तासन्‌तास रमतो. प्रेशर कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरतो. तो तीन वर्षांचा झाल्यापासून हे कुटुंब एकत्र असे कुठे गेलेच नव्हते. लग्नाला बहीण यायची तेव्हा मेहुणे घरी. बारशाला मेहुणे आले की बहीण घरी. एका शाळेने "तुमच्या मुलासाठी आमच्याकडे सोय नाही" असे सांगून वर्षाच्या मध्यावर दाखला हातात दिला, तेव्हापासून तर बहिणीने बाहेर पडणेच कमी केले होते.

मेहुण्यांच्या भावाची बदली लखनौला झाली आणि राहण्याची घरची सोय झाली. तरीही शेजारणी, आत्या, काकू सगळ्यांचे म्हणणे एकच, "त्याला कशाला नेतेस? हाल होतील." बहीण मला एवढेच म्हणाली, "ताई, तो घरात किती वर्षे राहील?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मीही त्यांच्याबरोबर निघाले.

एकट्या एका घराची गोष्ट नव्हे

अशी मुले हजारांत एखादे, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कांगडा, पलवल, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचा उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा ते नऊ वर्षांच्या दर शंभर मुलांपैकी साधारण तेरा-चौदा मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित एखादी तरी अडचण आढळली. त्यांत स्वमग्नता होती, वाचन-लेखनातली अडचण होती, बौद्धिक वाढ मंद असणे होते, अपस्मार होता, ऐकण्या-बघण्यातली कमतरताही होती. म्हणजे आपल्या इमारतीत, आपल्या मुलांच्या वर्गात अशी मुले असणारच. ती दिसत नाहीत, कारण त्यांची घरे ती दिसू देत नाहीत.

स्वमग्नता हा रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची जडणघडणच थोडी निराळी असते. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात तिची स्वतंत्र ओळख झाली. पुढे दोन-अडीच दशके "आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले" असे शिकले-सवरलेले लोकही म्हणत राहिले. ते म्हणणे साफ खोटे ठरले. लसीमुळे ऑटिझम होतो, हेही तसेच खोटे. १९९८ साली ज्या लेखामुळे ही भीती पसरली तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. आयांना दिलेला दोष मात्र घराघरांतून अजून मागे घेतलेला नाही.

तयारी बॅगेची आणि मनाची

मुंबईहून लखनौला पुष्पक एक्स्प्रेसने जवळजवळ चोवीस तास लागतात. एरवी आपण प्रवासाची तयारी म्हणजे कपडे आणि डबा समजतो. बहिणीची तयारी महिनाभर आधी सुरू झाली होती. गाडी, काकांचे घर, गोल दरवाजा, दुकान, परत काकांचे घर अशी चित्रे तिने एका पुठ्ठ्यावर ओळीने लावली. रोज रात्री मायलेक ती बघत. एक गोष्ट झाली की ते चित्र उलटे करायचे, म्हणजे पुढे काय ते कळते. आपल्याला जे शब्दांत सांगितले की पुरते, ते या मुलांना पुष्कळदा डोळ्यांनी दिसावे लागते. अनपेक्षित गोष्टीची त्यांना धास्ती वाटते. ठाऊक असलेली गोष्ट कठीण असली तरी ती निभावून नेतात.

पिशवीत कानांवर बसणारे, आवाज अडवणारे हेडफोन होते, त्याची स्टीलची वाटी होती आणि पोळी-गुळाच्या सुरळ्या होत्या. मऊ-कडक, ओले-कोरडे याबाबत त्याचे ठाम मत आहे; पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी याखेरीज तो सहसा काही खात नाही. डब्यातल्या एका आजोबांनी त्याला लाडू देऊ केला. त्याने तो नाकाला लावून परत केला. आजोबांनी हसून स्वतःच खाल्ला आणि प्रश्न मिटला.

सकाळचा चौक

चौकात जायचे ते सकाळी, दुकाने उघडायच्या आत, हे आम्ही आधीच ठरवले होते. नोव्हेंबरअखेरचे दिवस होते. गोल दरवाजाशी मक्खन मलईवाले मोठ्या परातींतून केशरी-पिवळ्या फेसाचे डोंगर मांडून बसले होते. थंडीच्या मोसमातच मिळणारी ही वस्तू. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा फेस काढून त्यात साखर-केशर घालतात. जिभेवर ठेवला की विरतो. ऊन चढले की परातीतही बसू लागतो, म्हणून विक्री सकाळीच आटोपते.

भाच्याने एक बोट फेसात बुडवले, डोळ्यांजवळ नेले आणि तो विरघळेपर्यंत बघत राहिला. मग दुसरे बोट. खाल्ले मात्र नाही. त्याच्या आईने आग्रह केला नाही, म्हणून आम्हीही गप्प राहिलो. आमचे द्रोण आम्ही संपवले, त्याने त्याचा बघून संपवला.

अत्तराच्या दुकानांच्या बाजूला आम्ही गेलो नाही. मोगरा, केवडा, खस यांचा जो दरवळ आपल्याला सुखावतो, तो त्याच्यासाठी तोंडावर गच्च उशी दाबल्यासारखा होतो. मेहुणे एकटेच जाऊन खसाची एक छोटी कुपी घेऊन आले आणि ती बॅगेच्या तळाशी गेली.

एका गल्लीत छापखाना लागला. कागदाचा नव्हे, कापडाचा. चिकनकारीचे काम सुईने सुरू होत नाही, ठशाने होते. लाकडी ठसा निळीत बुडवून कापडावर वेल-बुट्टी उमटवतात. मग ते कापड घरोघरी बायकांकडे भरतकामाला जाते. बखिया, फंदा, मुर्री, जाळी असे एकेका टाक्याचे नाव. बखियाचा टाका कापडाच्या उलट बाजूने घालतात आणि सुलट बाजूला त्याची फक्त सावली दिसते. भरून झाले की कापड धुतात आणि निळी खूण नाहीशी होते. २००८ साली या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

ठसेवाला बुटक्या मेजाशी बसून एकामागून एक ठसे उठवत होता. ठक, उचल, ठक. मूल दारात थांबले ते हललेच नाही. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. आमचे पाय भरून आले. ठसेवाल्याने एकदा वर पाहिले, काही विचारले नाही. थोड्या वेळाने त्याने एक जुनी चिंधी आणि लहानसा ठसा मेजाच्या कडेला सरकवला. भाच्याने तो निळीत टेकवला आणि छापायला सुरुवात केली. एका बुट्टीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. ओळ कुठे तिरकी नाही, जोड कुठे सुटलेली नाही. "हाथ सीधा है," एवढेच तो कारागीर म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

"मग याला हाच धंदा शिकवा की!" असे लगेच म्हणण्याची घाई आपण करतो. प्रत्येक स्वमग्न मुलात एखादी अलौकिक कला दडलेली असते, ही सिनेमांनी पसरवलेली समजूत आहे. बहुतेक मुलांत तसे काही नसते आणि नसले तरी काही बिघडत नाही. त्या सकाळची मोठी गोष्ट वेगळीच होती. एका अनोळखी माणसाने प्रश्न न विचारता मुलाला शेजारी जागा दिली.

अकरा वाजता

अकराच्या सुमारास शटर वर जाऊ लागले. कर्णे वाढले. कुठल्याशा गल्लीत बँडवाल्यांनी एकदम ताशा-बिगुलाचा सराव सुरू केला. पुठ्ठ्यावर हे चित्र नव्हते. भाचा रस्त्यातच खाली बसला, हेडफोनवरून दोन्ही हात दाबले आणि किंचाळू लागला.

घोळका जमायला किती वेळ लागतो? कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले पाणी मारा. कोणी त्याला बखोटीला धरून उचलायला पुढे आले. बहीण त्याच्या शेजारी रस्त्यावरच बसली. ती बोलली नाही, ओरडली नाही, त्याला ओढले नाही. फक्त इतरांचे हात दूर केले.

हा हट्ट नसतो. हट्ट करणारे मूल मधूनच डोळा किलकिला करून आपल्याकडे कोणी बघते का ते पाहते. हवे ते मिळाले की थांबते. इथे मुलाला काही हवे नसते. आवाज, उजेड, धक्के यांचा भार सोसेनासा झाला की त्याचा बांध फुटतो. अशा वेळी उपदेश, दटावणी, आमिष काही आत पोहोचत नाही. आवाज कमी करायचा, जागा मोकळी करायची आणि वाट बघायची, एवढाच उपाय.

समोरच्या कापडदुकानातले एक वयस्क गृहस्थ उतरून आले. त्यांनी दुकानातली दोन स्टुले आणून रस्त्यात आडवी ठेवली, म्हणजे रिक्षा वळसा घालून जातील. घोळक्याला हातानेच "चला, चला" केले. मग बहिणीला म्हणाले, "अंदर जगह है बिटिया, जब चाहो." दहा-बारा मिनिटांनी ती मुलाला घेऊन आत गेली, तोवर त्यांनी पुढच्या ट्यूबलाइट बंद केल्या होत्या. गादीवरच्या दोन लोडांच्या मध्ये भाचा अंग चोरून पडून राहिला. त्या गृहस्थांनी आम्हाला एकही कुडता दाखवला नाही. निघताना मीच दोन घेतले.

कबाब बदलला

अकबरी दरवाजापाशी टुंडे कबाबीचे मूळ दुकान आहे, १९०५ पासूनचे. टुंडा म्हणजे हात नसलेला. दुकानाचे हाजी मुराद अली यांना एकच हात होता, म्हणून हे नाव. या मऊ, चावावे न लागणाऱ्या कबाबांची एक कथा लखनौत सगळे सांगतात. खाण्याचा शौकीन नवाब म्हातारा झाला, दात गेले, पण कबाबाची इच्छा गेली नाही. तेव्हा खानसाम्यांनी मांस इतके बारीक वाटले, पपईने इतके मऊ केले, की जिभेनेच ते दाबता यावे. कथा खरी की रचलेली, ते सोडून देऊ. तिच्यातला सरळपणा मला आवडला. नवाबाला कोणी "दात आणा, मग खा" असे म्हटले नाही. कबाब बदलला.

आपल्या मुलांना मात्र आपण दात आणायलाच सांगत असतो. आधी नीट बस, मग शाळेत ये. आधी सगळ्यांसारखे बोल, मग खेळायला घेऊ. ज्या मुलाला अक्षरे उलटसुलट दिसतात त्याला दहा वेळा लिहून काढायला लावतो. ज्याला दोन मिनिटे जागेवर बसवत नाही त्याला अंगठे धरून उभे करतो. मुलाने शिकायचे असतेच, पण थोडे आपणही बदलायचे असते. परीक्षेला जादा वेळ देणे, फळ्याजवळची जागा देणे, सूचना लेखी देणे, गोंगाटात दहा मिनिटे शांत कोपरा देणे, हे काही डोंगर हलवणे नव्हे. वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांना महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या त्याला कितीतरी वर्षे झाली. त्या मागायला पालक अजून लाजतात, हे मात्र खरे.

दर्गा आणि दवाखाना

चौकाला लागूनच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या घुमटांच्या इमारती आहेत. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, १९११ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. २००२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले, तेव्हा त्याला आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले होते; २०१२ पासून पुन्हा किंग जॉर्ज हे जुने नाव आहे. जवळच शाह मीना या सूफी संतांचा दर्गा आहे. दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे आणि दर्ग्यावर चादर चढवायची, अशी दोन्ही कामे करणारी खेड्यापाड्यांतली कुटुंबे इथे दिसतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात अंगारा असतोच.

धोका श्रद्धेचा नसतो, वेळ जाण्याचा असतो आणि "पूर्ण बरे करतो" म्हणून पैसे उकळणाऱ्यांचा असतो. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. स्टेम सेलच्या महागड्या उपचारांनी ती बरी होते हे सिद्ध झालेले नाही. दागिने मोडण्यापूर्वी हे प्रत्येक पालकाला ठाऊक हवे. उपयोग होतो तो बोलण्या-संवादाच्या उपचाराचा, हातापायांच्या आणि रोजच्या कामांच्या शिक्षणाचा, आणि आईवडिलांना मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा. हे जितके लवकर, तितके चांगले. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, दीड वर्ष होत आले तरी एकही शब्द नसेल किंवा आलेले बोलणे गेले असेल, तर "बाप उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील मदतीसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण या दोन्हींना मान्यता दिली आहे. स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

कागद फाटण्याचा आवाज

दुसऱ्या दिवशी आम्ही बडा इमामबाडा पाहिला. १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौला यांनी तो बांधायला घेतला. मधले दालन सुमारे पन्नास मीटर लांब, पंधरा मीटर उंच, आणि आत एकही खांब नाही. वरच्या सज्जात गाईड एका टोकाला कागद फाडतो आणि दुसऱ्या टोकाला तो आवाज कानाशी फाडल्यासारखा ऐकू येतो. काडी ओढली तरी ऐकू येते. सगळे पर्यटक खूश होतात.

मला वाटले, भाच्याचे कान नेहमी याच सज्जात उभे असतात. पन्नास मीटरवरचा कागद, शेजारच्या घरातला नळ, पंख्याची घरघर, सगळे एकाच वेळी, सारख्याच जोरात. कान बंद करून घेणाऱ्या मुलाचा राग येत असेल, त्याने या सज्जात पाच मिनिटे उभे राहून बघावे.

जायचे असेल तर

अशा मुलाला घेऊन चौकात जायचे असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम. एका फेरीत एकच गोष्ट बघा. जाण्याआधी चित्रे दाखवा, निघायच्या आधी पाच मिनिटे सूचना द्या. मुलाचे ओळखीचे खाणे बरोबर असू द्या. त्याच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, कारण काही मुले गर्दीत एकाएकी पळत सुटतात. दोन मोठी माणसे हवीतच. एक मुलासाठी, एक लोकांसाठी. भावंड असेल तर त्याच्यासाठी एखादी संध्याकाळ वेगळी काढा. भावंडांना कायम समजूतदारपणाचेच धडे मिळतात आणि अत्तराची दुकाने बघायची राहून जातात.

आणि तुम्ही घोळक्यातले असाल तर? मुलाला हात लावू नका, त्याच्या आईला सल्ला देऊ नका. "मी काही मदत करू का?" एवढे हळू विचारा. नाही म्हटले तर बाजूला व्हा. लखनौचे "पहले आप" गाडी सुटेपर्यंत चालते, असा विनोद आहे. पण दुसऱ्याला आधी वाट द्यावी, ही त्यातली मूळ सवय चांगलीच आहे.

परतीच्या गाडीत बहिणीने पुठ्ठ्यावरचे शेवटचे चित्रही उलटे केले. भाच्याने पिशवीतून छापलेली चिंधी काढली आणि निळ्या बुट्ट्यांवरून एकेक बोट फिरवत झोपी गेला. मग ती आणि मेहुणे खिडकीशी बसून हळू आवाजात बोलत होते, पुढच्या मे महिन्यात चुलत बहिणीचे लग्न सांगलीला आहे, त्याला कसे जायचे याबद्दल. कोण जाणार आणि कोण घरी राहणार, हा प्रश्न या वेळी निघाला नाही. कार्यालयात बँडपासून लांब एखादी खोली मिळेल का, एवढेच विचारायचे होते. त्या लग्नाच्या यजमानांनी दोन स्टुले आडवी घालायची तयारी ठेवावी, म्हणजे झाले.